परिचारिका एडिथ कॅव्हेलबाई

रुग्णसेवेचे काम जितके हातांचे, तितकेच विवेकबुद्धीचेही आहे. जखम कशी धुवावी हे शिकविता येते. परंतु वरिष्ठांची आज्ञा एका बाजूस व विवेकाची वाणी दुसऱ्या बाजूस ओढू लागली म्हणजे काय करावे, हे शिकविणारे गुरू विरळाच. आपल्या मंडळ्यांतील कित्येक कन्या दवाखान्यांत परिचारिकेचे काम करितात. त्यांच्यासाठी, व त्यांना घरून धीर देणाऱ्या आईबापांसाठी, एडिथ कॅव्हेलबाईंची हकिकत आम्ही येथे देत आहो.

बाईंचा जन्म ४ डिसेंबर १८६५ रोजी इंग्लंडातील नॉरफोक परगण्यात स्वार्डस्टन नावाच्या खेड्यात झाला. वडील फ्रेडरिक कॅव्हेल हे तेथील पाळक. मिळकत बेताची, तथापि रविवारी घरात जे शिजे त्याचा वाटा आधी शेजारच्या गोरगरिबांकडे जाई, व तो पोचवून आल्यावर मुले जेवावयास बसत. १८९० पासून पाच वर्षे बाई बेल्जम देशात ब्रुसेल्स शहरी एका कुटुंबातील मुलांना शिकवीत होत्या. १८९५ साली वडील आजारी पडले, तेव्हा घरी येऊन त्यांनी त्यांची शुश्रूषा केली, व पुढच्याच वर्षी लंडन हॉस्पिटलात शिकाऊ परिचारिका म्हणून नाव घातले. तेथील मुख्य परिचारिकेने त्यांच्याविषयी फारसे चांगले लिहिले नाही. त्या वेळ पाळीत नाहीत, असाही शेरा मारला. ज्यांच्या कामाची आरंभी कोणी वाखाणणी केली नाही त्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

१९०७ साली डॉ. आंत्वान दपाज यांनी ब्रुसेल्स येथे परिचारिकांची नवी शाळा काढून बाईंना तिच्या मुख्य नेमिले. त्या काळी त्या देशात हे काम बहुधा मठवासिनी करीत. भल्या घरच्या मुलीने वेतन घेऊन रोग्यांची सेवा करावी, हे लोकांना कमीपणाचे वाटे. बाईंची शिस्त कडक होती. न्याहारीस दोन मिनिटांहून अधिक उशीर करणारीला मोकळ्या वेळातून दोन तास काम करावे लागे. ज्यांना एके काळी वेळेवरून बोल लागला होता, त्याच आता घड्याळ पुढे ठेवून बसत!

१९१४ च्या ऑगस्टात महायुद्ध सुरू झाले, तेव्हा बाई इंग्लंडात आपल्या वृद्ध आईजवळ होत्या. तेथेच राहणे सुरक्षित होते; परंतु आता आपली गरज अधिक आहे असे म्हणून त्या ब्रुसेल्सला परतल्या. २० ऑगस्टला जर्मन सैन्य शहरात शिरले. शाळेवर रेडक्रॉसचे निशाण लागले होते. जखमी मनुष्य जर्मन असो की बेल्जन, त्याची सेवा सारखीच झाली पाहिजे, असे बाईंनी आपल्या मुलींना बजाविले. चांगल्या शोमरोन्याने वाटेवर पडलेल्याची जात विचारिली नव्हती.

खरी अडचण नोव्हेंबरात दाराशी आली. मागे राहिलेले दोन इंग्रज शिपाई आश्रय मागत होते. त्यांना धरून द्यावे तर त्यांच्या जिवाला धोका. ठेवून घ्यावे तर सैन्याच्या हुकुमाचा भंग, व ज्या निशाणाखाली केवळ रोग्यांची सेवा व्हावी त्याखाली गुप्त काम. बाईंनी आश्रय दिला. पुढील नऊ महिन्यांत सुमारे २०० माणसे त्यांच्या व त्यांच्या सोबत्यांच्या साह्याने हॉलंडकडे निसटली. हा प्रश्न सोपा होता असे आम्ही म्हणत नाही. त्या मंडळातील काहींकडून लष्करी बातम्याही पलीकडे जात होत्या, असे पुढे कागदपत्रांवरून दिसून आले. आणि त्या निशाणाचा असा उपयोग करावा की नाही, याविषयी सज्जनांतही मतभेद आहे.

परंतु हे ओझे बाईंनी कसे वाहिले ते पाहा. आपल्या हाताखालच्या मुलींना त्यांनी होईल तितके या कामापासून दूर ठेविले. ज्याला ठाऊक नाही त्याला खोटेही बोलावे लागत नाही व कोणाचा घातही करावा लागत नाही. निर्णय मुख्य परिचारिकेचा, तर त्याची शिक्षाही तिनेच सोसावी, हा त्यांचा न्याय होता.

५ ऑगस्ट १९१५ रोजी त्यांना अटक झाली. सुमारे दहा आठवडे त्या सेंट जिल्स तुरुंगात होत्या. चौकशीत त्यांनी सर्व कबूल केले. त्या जबानीत सोबत्यांचीही नावे आली. निसटलेल्या काही शिपायांनी इंग्लंडातून आभाराची पत्रे पाठविली, हेही त्यांनी लपविले नाही; आणि हे शिपाई शत्रूच्या देशी पोचले हे त्यावरूनच सिद्ध झाले. सत्य बोलण्याची किंमत कधी कधी अशी जबर असते, व ती इतरांनाही भरावी लागते. ७ व ८ ऑक्टोबरला ३५ जणांवर खटला चालला. अमेरिका व स्पेन या देशांच्या वकिलांनी रदबदली केली, ती व्यर्थ गेली.

१० ऑक्टोबरला बाईंनी आपल्या मुलींना पत्र लिहिले. आपण कधी फार कठोर झालो असू तर क्षमा करावी, असे मागून त्यांनी एकमेकींची निंदा करण्यापासून सावध राहावयास सांगितले. मरणाच्या आदल्या रात्री पाळक गॅहन यांच्या हातून प्रभुभोजन घेताना आपल्या मनात कोणाविषयी द्वेष नाही असे त्यांनी दर्शविले. १२ ऑक्टोबर १९१५ रोजी पहाटे, फिलिप बोक नावाच्या सोबत्यासह, त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय ४९ वर्षांचे होते. ज्यांनी द्वेष टाकिला, त्यांचेच नाव घेऊन पुढे द्वेष पेटविण्यात आला व सैन्यात भरती करण्यात आली, ही खेदाची गोष्ट होय. १९१९ साली त्यांचा देह मायदेशी आणून नॉरिच येथील मुख्य मंदिराशेजारी पुरण्यात आला. अडचणीत सापडलेल्या परिचारिकांसाठी त्यांच्या नावाने १९१७ साली उभारलेला निधी आजही इंग्लंडात साह्य करीत आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या मुलींपुढे असे मरणाचे प्रसंग बहुधा येणार नाहीत. परंतु न दिलेले औषध दिले म्हणून लिही, झालेली चूक झाक, गरिबाला मागे ठेवून पैसेवाल्याकडे आधी जा, असे सांगणारे भेटतील. अशा वेळी मुलगी रडत घरी आली, तर नोकरी जाईल या भयाने तिला गप्प बसवू नका. तिचे म्हणणे ऐका, तिच्यासह प्रार्थना करा, व वडील माणसांनी तिच्या बाजूस उभे राहावे. आणि ज्या भगिनी दवाखान्यात अधिकारावर आहेत त्यांनी विचारावे की, माझ्या हाताखालच्या मुलीवर मी माझे ओझे तर टाकीत नाही ना?