इंग्रजी व्याकरणाचा हात धरून मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा

किलवणी : किलवणी, सिल्वासा, खानवेल या पट्ट्यात एकाच माणसाच्या तोंडी दिवसभरात तीन-चार भाषा येतात. घरी वारली नाहीतर मराठी, बाजारात गुजराती, कंपनीत हिंदी आणि अर्ज लिहायची वेळ आली की इंग्रजी. बोलण्याचे कसेबसे निभावते. पण नोकरीचा अर्ज किंवा तक्रार लिहायला बसले की गाडी व्याकरणापाशी अडते. या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंशी, म्हणजे वसई आणि सुरतेशी नाते असलेल्या एका गृहस्थाने जवळपास दोनशे वर्षांपूर्वी हीच अडचण मुळातून समजून घेतली होती. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे त्यांचे नाव. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून त्यांची ओळख आहे.

तर्खड हे वसई तालुक्यातले, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातले गाव. घराण्याचे आडनाव त्यावरून पडले. दादोबांचा जन्म मात्र मुंबईत झाला, 9 मे 1814 रोजी. त्यांचे दोन भाऊही नावारूपाला आले. भास्कर पांडुरंग हे इंग्रजीत लिहिणारे, तर डॉ. आत्माराम पांडुरंग हे 1867 मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक.

मरेसाहेबांचे पुस्तक

त्या काळी मुंबईत इंग्रजी शाळा नुकत्या सुरू झाल्या होत्या. इंग्रजी शिकायचे तर लिंडले मरे यांच्या व्याकरणाला पर्याय नव्हता. मरे हे मूळचे अमेरिकेतले वकील. पुढे इंग्लंडात स्थायिक झाले आणि 1795 मध्ये त्यांनी हे पुस्तक काढले. शब्दांच्या जाती, वाक्यरचना, एकेक शब्द सुटा करून त्याचे काम सांगणे, अशी त्याची शिस्त. पोरांच्या डोक्याला ताप देणारे हे पुस्तक दादोबांनी नुसते पाठ केले नाही. परक्या भाषेला असे नियम असतील, तर मराठीला का नसावेत, हा विचार त्यांनी धरला.

मराठीचे व्याकरण तोवर छापलेच गेले नव्हते असे नाही. विल्यम केरी यांचे पुस्तक 1805 मध्ये आले होते, पण ते इंग्रजीत आणि साहेबांच्या सोयीसाठी. दादोबांचे व्याकरण 1836 मध्ये निघाले, ते मराठीतून, मराठी मुलांसाठी. तेव्हा त्यांचे वय होते अवघे 22.

साचा त्यांचा, भाषा आपली

मरे यांनी इंग्रजीत शब्दांच्या नऊ जाती सांगितल्या. त्यातले ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ हे उपपद वजा केले की उरतात आठ. नाम, सर्वनाम, विशेषणापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंत शाळेत पाठ होतात त्या याच आठ.

पण सगळेच जसेच्या तसे उचलून चालणार नव्हते. इंग्रजीत ‘ऑन’ शब्द टेबलाच्या आधी येतो, मराठीत ‘वर’ टेबलाच्या मागे चिकटतो. ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘रामाने पोळी खाल्ली’ यांत क्रियापद रामाकडे पाहत नाही, आंब्याकडे आणि पोळीकडे पाहते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘एट’च राहते. अशा ठिकाणी मरे यांचा साचा अपुरा पडतो. तिथे कामाला येतात ते संस्कृत परंपरेतून आलेले विभक्ती आणि प्रयोग. दादोबांच्या कामाचे मोल या जोडणीत आहे.

याची उलटी बाजू आजच्या अर्जांत दिसते. ‘मी काल तहसीलला गेलो होतो’ हे मराठी अगदी बरोबर. त्याचे शब्दाला शब्द लावून ‘आय हॅड गॉन येस्टरडे’ केले की चुकते, कारण इंग्रजीत ‘हॅड गॉन’ला पुढे घडलेली दुसरी गोष्ट लागते. एकट्या घटनेला ‘आय वेंट’ पुरते. ही चूक आळसाची नाही. दोन भाषांत काळ मांडण्याची रीतच वेगळी आहे.

सुरतेची वर्षे

1840 नंतरच्या दशकात दादोबा सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत होते. मराठी माणूस, गुजराती गाव आणि शिकवायचे इंग्रजी! तिथेच 1844 मध्ये दुर्गाराम मेहताजी आदींसोबत त्यांनी मानवधर्म सभा काढली. जातिभेद आणि जादूटोण्याच्या नावाने चालणारी फसवणूक यांवर ती सभा उघड बोलत असे.

इकडे मुंबईत भास्कर पांडुरंगांनी 1841 मध्ये टोपणनावाने ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये आठ पत्रे लिहिली. कंपनी सरकार देशाची संपत्ती कशी ओढून नेते, हे त्यांनी सरकारच्याच भाषेत, नीट मुद्देसूद मांडले. नेटक्या इंग्रजीचा उपयोग केवळ नोकरीपुरता नाही, हे त्यातून दिसले.

मुंबईला परतल्यावर दादोबांनी शिक्षक घडवण्याचे काम केले. जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेचेही ते एक प्रमुख होते. ती सभा गुप्त होती, कारण सभासदाचे नाव फुटले तर वाळीत पडायची भीती. पुढे ते अहमदनगरकडे डेप्युटी कलेक्टर झाले, रावबहादूर झाले. 1878 मध्ये स्वीडनचे तत्त्वचिंतक स्वीडनबोर्ग यांच्या विचारांवर त्यांनी थेट इंग्रजीत पुस्तक लिहिले.

टीकाही झाली

व्याकरणाला त्यांनी कधी हातावेगळे मानले नाही. सुधारून वाढवलेली आवृत्ती 1850 मध्ये आली, तर मुलांसाठीचे लघु व्याकरण 1865 मध्ये. तरी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यातल्या उणिवांवर लेख लिहिले. मोरो केशव दामले यांनी 1911 मध्ये आपला मोठा ग्रंथ काढून बराच भाग नव्याने तपासला. इंग्रजी साचा मराठीवर किती बसवायचा, हा वाद आजही मिटलेला नाही. वाद घालायला पाया मात्र दादोबांनीच दिला.

17 ऑक्टोबर 1882 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र 1846 पर्यंतच येऊन थांबते. अ. का. प्रियोळकरांनी ते 1947 मध्ये प्रसिद्ध केले. सीमेवर राहून इंग्रजीला घाबरणाऱ्या पोरांना त्यांच्या शिक्षकांनी ते जरूर दाखवावे. त्यांच्यासारखाच घरी मराठी, गावात गुजराती आणि शाळेत इंग्रजी असा एक मास्तर त्यात भेटेल.