अनोळखी माणसाच्या हातात किल्ली

समजा, परदेशातल्या एखाद्या विमानतळावर तुम्ही उतरलात. बॅगा उचलून बाहेर आलात की भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्यांची काउंटर्स ओळीने दिसतात. आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, सोबत मूळ लायसन्स, पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड पुढे करायचं. कार्डावर डिपॉझिटची रक्कम अडकते, दोन-चार सह्या होतात आणि किल्ली तुमच्या हातात. वय २५ च्या आत असेल तर बऱ्याच ठिकाणी जादा पैसे पडतात, पण गाडी मिळते. आता जरा विचार करा. आपण चुलतभावाला बाइक देतानाही ‘पेट्रोल टाकून आण हं’ असं दोनदा बजावतो. इथे मात्र अख्खी गाडी, तीही परक्या देशातून आलेल्या, कधी न पाहिलेल्या माणसाला!

त्या काउंटर्समध्ये पिवळ्या-काळ्या रंगातली ‘हर्ट्झ’ ही पाटी तुम्हाला बहुतेक दिसेलच. सायन्सवाल्यांनो, फ्रिक्वेन्सीवाले हर्ट्झ वेगळे. हे जॉन हर्ट्झ.

त्याचं जन्मनाव शांडोर. १८७९ मध्ये, आज स्लोव्हाकियात असलेल्या आणि तेव्हा हंगेरीत मोडणाऱ्या एका खेड्यात तो जन्मला. घर ज्यू, परिस्थिती बेताची. तो जेमतेम पाच वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत शिकागोला गेलं. शाळेत काही तो रमला नाही. मिसरूड फुटण्याआधीच घर सोडून तो रस्त्यावर पेपर विकायला लागला. मग पेपरच्याच ऑफिसात पडेल ते काम, आणि तिथून थेट क्रीडा वार्ताहर. मधल्या काळात दुसरं नाव लावून बॉक्सिंगच्या रिंगणातही उतरला, पुढे बॉक्सरांचा मॅनेजर झाला. १९०३ मध्ये लग्न झालं. बायकोला, फॅनीला, बॉक्सिंगची ती दुनिया बिलकूल पसंत नव्हती. तेव्हा गडी वळला मोटारी विकण्याकडे.

इथून पुढे त्याला अहो-जाहो करायला हरकत नाही, कारण इथेच त्यांचं डोकं खऱ्या अर्थाने चाललं. नवी गाडी घ्यायला येणारे लोक जुनी गाडी बदल्यात देऊन जायचे. ही जुनी धुडं शोरूममध्ये साठत चालली, गिऱ्हाईक मिळेना. दुसरा कोणी असता तर भंगाराच्या भावात काढून मोकळा झाला असता. हर्ट्झनी त्यांना ड्रायव्हर दिले आणि टॅक्सी म्हणून रस्त्यावर आणलं. टॅक्सी ही तोवर श्रीमंतांची चैन होती. त्यांनी भाडं उतरवलं. १९१५ मध्ये ‘यलो कॅब’ कंपनी उभी राहिली आणि शिकागोतला साधा नोकरदारही टॅक्सीला हात करू लागला. पुढे तर टॅक्सी आणि बस बनवण्याचे कारखानेही त्यांनी काढले.

आता खरी गोष्ट. गाडी भाड्याने देण्याची कल्पना हर्ट्झ यांची नव्हतीच! १९१८ मध्ये त्याच शिकागोत वॉल्टर जेकब्ज नावाच्या बाविशीतल्या पोराने डझनभर फोर्ड मॉडेल-टी गाड्या जमवल्या आणि भाड्याने द्यायला सुरुवात केली. गाड्यांची दुरुस्ती तोच करायचा, रंगही तोच मारायचा. धंद्याचं नाव मात्र फारसं चांगलं नव्हतं. त्या काळात अमेरिकेत दारूबंदी आली होती. भाड्याची गाडी कोण नेतं? चोरटी दारू वाहणारे नाहीतर दरोडे घालणारे, असा लोकांचा समज. तरीही पाचेक वर्षांत त्याची उलाढाल वर्षाला दहा लाख डॉलरच्या घरात गेली. १९२३ मध्ये हर्ट्झ यांनी हा धंदा विकत घेतला, त्याला आपलं नाव दिलं आणि, मला वाटतं यातच त्यांचं शहाणपण दिसतं, चालवायला जेकब्जलाच ठेवलं. पाटीवर नाव एकाचं, घाम दुसऱ्याचा, हे तेव्हाही नवं नव्हतंच म्हणा.

दोन-तीन वर्षांतच हर्ट्झ यांनी ही कंपनी जनरल मोटर्सला विकून टाकली. टॅक्सीच्या धंद्यात तर उघड मारामाऱ्या चालू होत्या. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे ड्रायव्हर एकमेकांवर तुटून पडायचे, गोळ्या झाडल्या जायच्या. १९२८ मध्ये हर्ट्झ यांच्या घोड्यांच्या तबेल्याला आग लागली, मुकी जनावरं त्यात गेली. पुढच्याच वर्षी ते यलो कॅबमधून बाहेर पडले.

घोडे हा त्यांचा जीव. त्यांच्या आणि फॅनीच्या घोड्यांची हकिगत सांगायला वेगळं पान लागेल. एवढंच सांगतो, की त्यांच्या ‘काउंट फ्लीट’ने १९४३ मध्ये अमेरिकेतल्या तिन्ही मानाच्या शर्यती मारल्या, शेवटची तर तब्बल २५ लेंग्थ्सनी.

भाड्याच्या गाड्यांचं गाडं मात्र जेकब्जच्या हाताखाली चालूच होतं. १९३२ मध्ये शिकागोच्या मिडवे विमानतळावर कंपनीचं काउंटर उघडलं. विमानातून उतरा आणि स्वतःची असल्यासारखी गाडी घेऊन निघा, ही सवय लोकांना हळूहळू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास वाढला आणि ही काउंटर्स युरोपातही पोचली. १९५३ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, हर्ट्झ यांनी जनरल मोटर्सकडून आपल्याच नावाचा हा धंदा परत घेतला.

शाळा अर्धवट सोडलेल्या या माणसाने १९५७ मध्ये फॅनीसोबत शिक्षणासाठी फाउंडेशन काढलं. विज्ञान-तंत्रज्ञानातल्या हुशार मुलांना त्यातून आजही पीएच.डी.साठी फेलोशिप मिळते. अट वेगळीच आहे: देशावर संकट आलं तर आपलं ज्ञान देशाच्या कामी लावीन, असं नैतिक वचन द्यायचं. ज्या देशात आपण परके म्हणून आलो, त्याचं देणं ते असं फेडत होते.

१९६१ मध्ये हर्ट्झ गेले. जेकब्ज त्याच सुमारास कंपनीतून निवृत्त झाले. बारा गाड्यांपासून सुरू झालेला तो हिशेब त्यांनी चाळीसहून जास्त वर्षं सांभाळला होता. विमानतळावरच्या पाटीवर त्यांचं नाव नाही.