एक्स्प्लेनर : ‘तुंबाड’ची आजी आली कुठून? हॅलोविनच्या निमित्ताने जाणून घ्या नारायण धारप यांच्याविषयी

भद्रावती : ऑक्टोबर संपत आला की मोबाइलवर भोपळ्याचे मुखवटे दिसू लागतात आणि ३१ तारखेच्या हॅलोविनला कोणती गॉथिक पुस्तके वाचावीत, याच्या याद्या फिरू लागतात. ‘फ्रँकेन्स्टाइन’, ‘ड्रॅक्युला’, एडगर ॲलन पोच्या कथा ही त्यातली ठरलेली नावे. मराठी नाव बहुधा नसतेच. ते असायला हवे होते आणि ते नारायण धारप यांचे असायला हवे होते.

गॉथिक म्हणजे नेमके काय?

होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाच्या १७६४ मधील ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ या कादंबरीपासून हा प्रकार सुरू झाला, असे मानले जाते. नुसते भूत असून भागत नाही. जुनी वास्तू लागते, त्या वास्तूत दडलेले एखादे पाप लागते आणि ते फेडायला नकळत आलेली पुढची पिढी लागते. भद्रावतीकरांना यासाठी युरोपात जायला नको. विजासनची लेणी कितीतरी जुनी आहेत, पण तिथे मन शांत होते. गॉथिक लेखकाला हवा असतो तो गावातल्या पडक्या किल्ल्यासारखा परिसर, दिवेलागणीच्या वेळेचा.

धारपांनी हा परदेशी किल्ला मराठी घरात आणला. त्यांच्याकडे सरदार-उमराव नसतात. नोकरदार माणूस स्वस्तात मिळाले म्हणून घर घेतो, कुणाला दूरच्या नातेवाइकाचा वाडा वारशाने मिळतो, आणि मग काहीतरी बिनसू लागते. भाषा साधी, जवळजवळ कोरडी. किंकाळ्या फारशा नाहीत. म्हणूनच रात्री दिवा घालवताना हात थबकतो.

धारप कोण होते?

जन्म २७ ऑगस्ट १९२५. शिक्षण विज्ञान-तंत्रज्ञानाचे, आणि ते त्यांच्या लेखनात जागोजागी दिसते. त्यांचे भूत अनेकदा मेलेल्या माणसाचा आत्मा नसतेच. ते दुसऱ्या परिमाणातून, फट सापडली म्हणून इकडे आलेले काहीतरी असते. ही कल्पना अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९० ते १९३७) यांच्या वळणाची आहे. धारपांनी ‘नेनचिम’सारखी विज्ञानकथाही लिहिली. पण लोकांच्या लक्षात राहिले ते भयकथाकार धारप. त्यांच्या पुस्तकांची संख्या शंभराच्या वर जाते. समीक्षकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. वाचनालयांतल्या प्रती मात्र हाताळून हाताळून खिळखिळ्या झाल्या.

लव्हक्राफ्ट आणि धारप यांच्यात एक मोठा फरक आहे. लव्हक्राफ्टच्या जगात माणसाला वाचवायला कुणीही येत नाही. धारपांच्या जगात ‘समर्थ’ येतात. अप्पा जोशी यांच्या सोबतीने अशुभ शक्तींशी सामना करणारे हे समर्थ त्यांच्या अनेक कथा-कादंबऱ्यांतून भेटतात. ‘ड्रॅक्युला’मध्ये प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग जे काम करतो तेच हे काम, पण इथे त्याला गुरूची, साधनेची जोड आहे. घाबरवल्यानंतर वाचकाला सुखरूप घरी पोहोचवणे धारपांना आपली जबाबदारी वाटत असावी.

मग वाद कशाचा?

धारपांच्या काही गाजलेल्या कादंबऱ्यांची मुळे इंग्रजीत आहेत. ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या १९७५ मधील ‘सालेम्स लॉट’वर आधारलेली आहे, तर ‘शपथ’ १९८६ मधील ‘इट’वर. त्यामुळे धारपांचे स्वतःचे किती, हा प्रश्न इंग्रजी वाचणारी पिढी विचारते आणि तो रास्त आहे. मूळ कुणाचे हे वाचकाला कळलेच पाहिजे.

पण दुसरी बाजूही आहे. ‘सालेम्स लॉट’ म्हणजे तरी काय? ब्रॅम स्टोकरचा १८९७ मधला ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेतल्या छोट्या गावात आला तर काय होईल, या विचारातून किंगने ती लिहिली. डब्लिनच्या स्टोकरकडून ती कल्पना अमेरिकेच्या मेन राज्यातल्या किंगकडे गेली आणि तिथून मराठीत आली. ज्या काळात तालुक्याच्या गावी किंगचे पुस्तक मिळणे दुरापास्त होते, त्या काळात ही भीती मराठी वाचकाला त्याच्याच भाषेत, त्याच्याच ओसरीवर भेटली. शब्दाला शब्द ठेवून ते जमले नसते.

नागझिऱ्याची रात्र

याच वाटेवर आपल्या विदर्भातले एक जंगल लागते. १९९३ मध्ये राही अनिल बर्वे मित्रासोबत नागझिरा अभयारण्यात गेले होते. तिथे मित्राने त्यांना धारपांची एक कथा सांगितली. ती मनात रुतून बसली आणि तिच्यातून पुढे ‘तुंबाड’ उभा राहिला. ती कथा म्हणजे ‘आजी’. गंमत अशी की, बर्वे यांनी ती पुढे छापील स्वरूपात वाचली तेव्हा तितकी भिडली नाही. नागझिऱ्यात मित्राने ती रंगवून सांगितली होती.

‘आजी’चे मूळही किंगच्याच ‘ग्रॅमा’ या कथेत आहे. भाऊ जखमी होतो, आई त्याच्यासाठी धावते आणि घरात उरतात एक मुलगा व एक भयंकर म्हातारी. ‘तुंबाड’ पाहिलेल्यांना हा प्रसंग लगेच ओळखू येईल. हस्तर, खजिना आणि पिढ्यान् पिढ्या चालणारी हाव हे सगळे मात्र चित्रपटाचे आहे. चित्रपटाच्या नावाची आठवण थेट श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’पर्यंत जाते.

धारप यांचे १८ ऑगस्ट २००८ रोजी निधन झाले. ‘तुंबाड’ आला त्यानंतर १० वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला.

सुरुवात कुठून करावी?

साकेत प्रकाशनाने त्यांच्या अनेक पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या काढल्या आहेत. वेळ कमी असेल तर ‘अनोळखी दिशा’मधल्या कथा, एका बैठकीत एक संपते. कादंबरीच हवी असेल तर आधी ‘लुचाई’, मग ‘ड्रॅक्युला’. हा क्रम उलटा केला तर पुढे काय होणार याचा अंदाज येतो आणि ‘लुचाई’तली निम्मी भीती जाते. समर्थांची एखादी कादंबरी शेवटी, झोपण्याआधी वाचायला ठेवावी.