जंताचं मूळ शोधणारा ‘मुदपाकखान्याचा प्रमुख’

जर्मन भाषेत ‘क्यूखेनमाइस्टर’ म्हणजे मुदपाकखान्याचा प्रमुख. हेच आडनाव असलेल्या एका डॉक्टरनं माणसाच्या पोटातल्या पट्टकृमीचं, म्हणजे टेपवर्मचं, मूळ थेट ताटात शोधून काढलं!

फ्रिडरिश क्यूखेनमाइस्टर यांचा जन्म १८२१ सालचा, जर्मनीतल्या सॅक्सनीतला. लाइपझिग आणि प्रागला शिकून त्यांनी झिटाऊ या छोट्या शहरात दवाखाना थाटला. डुकराच्या मांसात कधीकधी पाण्यानं भरलेल्या, दाण्याएवढ्या पांढऱ्या पुटी दिसतात. वाट चुकून बिघडलेले जंत म्हणजे या पुटी, असं तेव्हाचे बडे शास्त्रज्ञ मानायचे. क्यूखेनमाइस्टरना ते पटेना. ही तर पट्टकृमीची पिल्लं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आधी त्यांनी सशांमधल्या पुटी मांसाहारी प्राण्यांना खाऊ घातल्या. त्यांच्या आतड्यात पट्टकृमी वाढले. पण माणसाचं काय? १८५५ मध्ये त्यांनी फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याच्या जेवणात पुटी मिसळल्या. मृत्यूनंतर त्याच्या आतड्यात १० कोवळे पट्टकृमी सापडले. काही वर्षांनी दुसऱ्या कैद्यावर हाच प्रयोग झाला, तेव्हाही पट्टकृमी सापडले. पुरावा पक्का झाला, पण टीकाही झाली. मरणाच्या दारात उभा असला तरी माणूस प्रयोगाचं साधन ठरतो का? आज कुठलीही एथिक्स कमिटी अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही.

उलटा प्रवासही त्यांनी दाखवला. पट्टकृमीची अंडी डुकरांच्या पोटात गेली की मांसात पुटी तयार होतात. आपल्यासाठी खरी मेख इथेच आहे. हीच अंडी माणसाच्या पोटात गेली, तर पुटी थेट मेंदूत होऊ शकतात आणि आकडी येऊ शकते. ही अंडी येतात पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून. अस्वच्छ हात, दूषित पाणी किंवा नीट न धुतलेली कोथिंबीर एवढं निमित्त पुरतं. म्हणजे ‘मी तर प्युअर व्हेज’ म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

क्यूखेनमाइस्टर १८९० मध्ये ड्रेस्डेनला वारले. युरोपात दहनसंस्कार रुजावा म्हणूनही ते झटले होते. पण आपल्या रोजच्या कामाचा त्यांचा धडा वेगळाच आहे. मांस पूर्ण शिजवा, कच्ची भाजी नीट धुवा. आणि उस्मानपुऱ्यात क्लास सुटल्यावर गाड्यावर काहीही खाण्याआधी हात साबणानं धुवा.