संत चोखामेळा : महाद्वाराबाहेरचा भक्त

नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतून एक प्रश्न हमखास निघतो. देवादिकांच्या तसबिरी उतरविल्या. पण आजीने जपलेल्या चोखोबाचे काय करायचे? तो तर आपलाच माणूस! उत्तर देण्यापूर्वी या माणसाचे जीवन नीट पाहिले पाहिजे.

चोखामेळा चौदाव्या शतकातला. बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा हे त्याचे जन्मगाव, असे परंपरा सांगते. संसार मात्र मंगळवेढ्यास झाला. जात महार, म्हणून मेलेली ढोरे ओढणे, गावाची राबणूक करणे आणि दारोदार शिळेपाके मागून पोट भरणे हेच वाट्याला आलेले. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका हे सारे कुटुंब अभंग रचणारे. ज्यांना अक्षर शिकण्याची बंदी होती त्यांच्या घरात एवढी कविता जन्मली, ही आपल्या समाजाच्या बुद्धीची साक्ष आहे.

नामदेवांच्या सहवासात चोखोबा विठ्ठलभक्त झाला. पंढरीची वारी केली, पण मंदिराची पायरी चढता आली नाही. देव आत आणि भक्त बाहेर, असा हा जन्मभराचा सोहळा! पुढे मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्यासाठी महारांना वेठीला धरले. काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर ढिगाऱ्याखाली गाडला गेला. साल होते १३३८. त्याच्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्यावरून नामदेवांनी त्या ओळखल्या, अशी कथा सांगतात. आपण चमत्कार मानीत नाही. पण त्या ढिगाऱ्याखाली मेलेल्या बाकीच्या मजुरांची नावे कोणत्याच कथेत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. नामदेवांनी चोखोबाची समाधी पंढरपुरास बांधली, ती महाद्वारासमोर. मेल्यावरही तो बाहेरच राहिला!

चोखोबाच्या अभंगांत विटाळाची वेदना आहे. देह सर्वांचाच सारखा असताना सोवळे कोण आणि ओवळे कोण, हा सवाल त्याने केला, सोयराबाईनेही केला. कर्ममेळ्याने तर उष्टे खाण्यात जन्म घालवायला लावणाऱ्या देवालाच जाब विचारला. परंतु चोखोबाच्या नावावरच्या एका अभंगात महाराचा जन्म हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणून स्वीकारलेले दिसते. इथेच घात आहे. गुलामाने आपली बेडी हे आपलेच कर्म मानले, की मालकाला पहारा ठेवावा लागत नाही.

भगवान बुद्धांनी हे मूळच तोडले. जन्माने कोणी नीच होत नाही, आचरणाने होतो, असे त्यांनी शिकविले. झाडूवाला सुनीत त्यांच्या भिक्खू संघात आला, तो दारात उभा राहिला नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी चोखोबाला कधी तुच्छ लेखले नाही. १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. मात्र संतांनी देवापुढची समता सांगितली, माणसामाणसांतील समतेसाठी चातुर्वर्ण्याशी झुंज दिली नाही, हेही त्यांनी स्पष्ट मांडले. त्र्यंबकेश्वरास चोखोबाचे मंदिर उभारण्याचा विचार १९२८ साली निघाला, तेव्हा अस्पृश्यतेचा कलंक धुऊन काढणे हेच त्याचे खरे स्मारक, अशी त्यांची भूमिका होती.

पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना उघडले ते १९४७ साली, सानेगुरुजींच्या उपोषणानंतर. समाधीपासून गाभाऱ्यापर्यंतची काही पावले चालायला ६०९ वर्षे लागली! त्याआधीच, १९३५ साली येवल्यास, बाबासाहेबांनी त्या दारात उभे राहणे सोडण्याची घोषणा केली होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास ती खरी झाली.

तेव्हा बंधुभगिनींनो, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात चोखोबाची पूजा होणार नाही, नवस होणार नाही. पण त्याचा उपहासही होता कामा नये. आजीच्या मनाला न दुखविता तिच्याजवळ बसा आणि वेठीला धरून मारलेल्या या पूर्वजाची हकीकत मुलांना सांगा. त्याचे दुःख आपले आहे. त्याने मानलेला उपाय आपला नाही. तो ज्या दारात आयुष्यभर उभा राहिला, त्या दाराकडे पाठ करून आपण विहाराची वाट धरली आहे. आपली मुले ती वाट ताठ मानेने चालतील, तेव्हाच चोखोबाचे ऋण फिटेल.

जय भीम!