परळमधलं ते हृदय

खारेपाटणात कुणाचं दुखणं हाताबाहेर गेलं की आजही मुंबईचं नाव निघतं, आणि मुंबई म्हटलं की परळचं केईएम. रातराणीने तिथे गेलेलं, पेशंटसोबत वऱ्हांड्यात रात्री काढलेलं कुणी ना कुणी आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतंच. पण याच केईएममध्ये १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातलंच नव्हे, आशियातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण झालं, हे किती जणांना माहितीये? खरं सांगायचं तर मलाही मास कॉमला येईपर्यंत माहीत नव्हतं.

ते करणाऱ्या टीमचे प्रमुख होते डॉ. प्रफुल्लकुमार सेन. जन्म १९१५ चा, कलकत्त्याचा. पण कर्मभूमी परळ. अमेरिकेत शिकून आले आणि हृदयाला हात लावायला सर्जन बिचकायचे त्या काळात त्यांनी केईएममध्ये हृदयशस्त्रक्रिया उभी केली. हृदय बदलता येईल का, यासाठी त्यांची टीम कित्येक वर्षं कुत्र्यांवर प्रयोग करत होती. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियन बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं प्रत्यारोपण केलं. त्यानंतर अडीच महिन्यांत सेन यांनी केलं ते जगातलं सहावं.

पेशंट काही तासांतच गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरा प्रयत्न झाला. तो पेशंटही दिवसभर जगला नाही. आजारी हृदयामुळे फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमधला दाब आधीच खूप वाढलेला असतो, आणि नव्या निरोगी हृदयाला तो एकदम झेपत नाही, हे या दोन अपयशांतून शिकायला मिळालं. आज प्रत्यारोपणाआधी हा दाब मोजतातच.

पण पेशंट त्यातून वाचला असता, तरी पुढे आणखी मोठा शत्रू होता : आपलंच शरीर. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या माणसांवर दुसऱ्याची त्वचा लावली की ती गळून पडायची. इंग्लंडमध्ये पीटर मेडावार यांनी दाखवलं, की त्याच दात्याची त्वचा पुन्हा लावली तर ती आणखी लवकर गळते. म्हणजे शरीर परक्याला ओळखतं आणि लक्षातही ठेवतं. जंतूंशी लढणारी आपली रोगप्रतिकारशक्तीच नव्या अवयवावर तुटून पडते. या क्षेत्रातल्या कामासाठी मेडावार यांना १९६० मध्ये नोबेल मिळालं. कारण कळलं होतं, पण भरवशाचं औषध नव्हतं. म्हणूनच १९६८ मध्ये जगभर शंभरेक हृदयं बदलली गेली आणि बहुतेक पेशंट वर्षभरही जगले नाहीत. मग एकेक हॉस्पिटल थांबलं.

सेन यांच्यापुढे आणखी एक भिंत होती. मेंदू मृत झाला म्हणजे माणूस मृत, असं सांगणारा कायदाच तेव्हा आपल्याकडे नव्हता. धडधडणारं हृदय कुणाकडून घेणार? मग प्रश्न उरतोच : त्यांनी घाई केली का? दोन माणसं गेली, हे विसरून त्यांना हिरो करणं बरोबर नाही. पण त्या दोघांपुढे दुसरा उपाय नव्हता, हेही तितकंच खरं.

सेन यांना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९८२ मध्ये ते गेले. नियती बघा, शरीराचा विरोध आवरणाऱ्या सायक्लोस्पोरिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली ती त्यानंतरच्याच वर्षी, १९८३ मध्ये. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आपल्या संसदेने केला १९९४ मध्ये, आणि त्याच ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. परळच्या त्या दिवसानंतर तब्बल सव्वीस वर्षांनी!

आज औषध आहे, कायदा आहे, सर्जन आहेत. अडतं ते दात्यापाशी. अठरा पूर्ण झालेल्या कुणालाही अवयवदानाचा फॉर्म भरता येतो. पण वेळ येते तेव्हा डॉक्टर विचारतात ते घरच्यांना. त्यामुळे फॉर्म भरलात तर रात्री जेवताना आईबाबांना तेवढं सांगून ठेवा. विषय कठीण आहे, मान्य. पण सेन यांच्यापुढे जे होतं, त्यापेक्षा नक्कीच सोपा.