थरांचा हिशेब ठेवणारे डार्विन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत रायपूरला घरी बसून मी संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. सिलिकॉनचा निर्दोष स्फटिक, त्यावर क्ष-किरण आणि एकेका थरावरून होणाऱ्या परावर्तनाची बेरीज. उत्तर असं आलं, की जेवढे किरण आत गेले त्याहून जास्त बाहेर आले! चूक शोधता शोधता मी चार्ल्स गॅल्टन डार्विन यांच्यापर्यंत पोचलो. उत्क्रांतीवाल्या डार्विनचे हे नातू, जन्म डिसेंबर १८८७, केंब्रिज.

मँचेस्टरला रदरफोर्ड यांच्या हाताखाली डार्विन आणि त्यांचे मित्र मोझली सैंधवाच्या स्फटिकावरून क्ष-किरणांचं परावर्तन अभ्यासत. १९१४ मध्ये डार्विन यांनी त्याचं गणित मांडलं. प्रत्येक थर थोडे किरण परतवतो, उरलेले खाली सोडतो. पण खालून परतणारे किरण वरच्या थरांवर आपटून पुन्हा खाली वळतात. नेमकं हेच मी विसरलो होतो. हे धरलं की एका अगदी अरुंद कोनात, सिलिकॉनसाठी अंशाच्या साधारण पाचशेव्या भागात, जवळजवळ सगळे किरण परत फिरतात. काही हजार थरांखाली फारसं काही पोचतच नाही.

पण प्रत्यक्ष मोजलेलं परावर्तन या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त होतं. डार्विन यांनी गणित टाकून दिलं नाही. स्फटिकच निर्दोष नसावा, असं ठरवलं. परेडला प्रत्येक तुकडीची ड्रेसिंग चोख, पण तुकड्या एकमेकींशी किंचित तिरक्या, तशी त्याची रचना. मग वरच्या तुकड्यांनी सोडलेले किरण खालच्या तिरक्या तुकड्यांच्या वाट्याला येतात आणि बेरीज वाढते.

तेवढ्यात महायुद्ध पेटलं. १० ऑगस्ट १९१५ रोजी मोझली गॅलिपोलीत धारातीर्थी पडले. वय अवघं २७. डार्विन फ्रान्सच्या आघाडीवर ब्रॅग यांच्यासोबत आवाजावरून शत्रूच्या तोफांची जागा शोधत होते. त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. सदोष स्फटिकांवरचा त्यांचा मोठा लेख आला तो १९२२ मध्ये.

१९३८ ते १९४९ ते ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे संचालक होते. तिथेच ॲलन ट्यूरिंग यांनी एका संगणकाचा आराखडा केला. यंत्रांच्या बुद्धीवरचा ट्यूरिंग यांचा १९४८ चा अहवाल मात्र डार्विन यांना पोरकट वाटला. इथे ते चुकले, असं माझं मत. त्या संगणकाची छोटी आवृत्ती मे १९५० मध्ये चालू झाली, तेव्हा डार्विन निवृत्त झाले होते. १९६२ च्या शेवटच्या दिवशी ते वारले.

माझ्या प्रोग्रॅममध्ये आता दोन ओळी वाढल्या आहेत. उत्तर शंभर टक्क्यांच्या वर जात नाही.